झिऱ्याचं पाणी : आपल्या आयाबायांच्या पाणवाटेचा इतिहास

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा इतिहासाचा लेख लिहिण्याचं काम आम्हा मंडळींवर आलं. इतिहास म्हटला की आपण लगेच मोठ्या परिषदा, मोठे मोर्चे, मोठी नावं आठवतो. तो इतिहास आपल्याला पाठ आहे आणि असलाच पाहिजे. पण आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या पायाखाली जो इतिहास आहे, तो अजून कोणी लिहून ठेवलेला नाही. म्हणून एका रविवारी बुद्धवंदना आटोपल्यावर आम्ही विहारातच सतरंजीवर बसलो आणि मोहल्ल्यातल्या आजीबाईंना बोलतं केलं. विषय काढला पाण्याचा.

गोष्ट निघाली ती जंगलातल्या झिऱ्याची. दिवस उगवायच्या आत घागरी घेऊन निघायचं, टेकडीच्या पोटाशी असलेल्या झिऱ्यावर पोचायचं, पाणी भरायचं आणि ऊन तापायच्या आत घरी यायचं. ऐकता ऐकता सहावीतल्या एका पोराने विचारलं, "आजी, गावात विहीर नव्हती का?"

आजी म्हणाली, "इहीर होती बाबू. पन ते आपली नव्हती."

जरा थांबून ती पुन्हा म्हणाली, "झिरा कोनाचाच नव्हता, म्हनून तो आपला होता."

आम्ही हा लेख लिहायला बसलो तो या दोन वाक्यांमुळे.

आपला मुलूख आणि त्याचं पाणी

आपलं गाव धामणगाव. मागे 'रेल्वे' लावतो, कारण आपल्या जिल्ह्यातच अचलपूरकडे मेळघाटाच्या पायथ्याला धामणगाव गढी आहे, आणि बुलढाणा जिल्ह्यात धामणगाव बढे. आपल्या गावाचं नशीब रूळांनी घडवलं. मुंबईहून निघालेली लोखंडी सडक भुसावळ, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली. वऱ्हाडचा कापूस त्या सडकेने मुंबईला आणि पुढे विलायतेला गेला. कापसापाठोपाठ बाजार आले, जिनिंग-प्रेसिंग आले. आजूबाजूच्या खेड्यांतली आपली माणसं मजुरीसाठी स्टेशनगावांत येऊन राहिली ती याच ओढीने. आज या मोहल्ल्यात राहणाऱ्या कित्येक घरांची मूळ गावं विचारा, कोणी चांदूर रेल्वेकडचं निघेल, कोणी वर्धा नदीच्या काठचं, कोणी पार यवतमाळच्या बाजूचं.

धामणगावची जमीन सपाट, काळी, भेगाळणारी. इथे जंगल नाही. पण गाडीत बसून बडनेऱ्याकडे जा. चांदूर सुटलं की मालखेड-टिमटाळ्याच्या बाजूला टेकड्या आणि झाडी दिसायला लागते. तेच पोहरा-चिरोडीचं जंगल. सागवान, धावडा, मोहा, पळस, टेंभुर्णी. बिबट्याचं जंगल. ज्या आजींनी आम्हाला झिऱ्याची गोष्ट सांगितली, त्यांचं माहेर त्या टेकड्यांच्या कुशीतलं.

टेकडीतून पाणी येतं कसं, हे पोरांना शाळेत शिकवतात तेच इथे थोडक्यात सांगतो. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा आहे. हा खडक थरांवर थर बसून तयार झालेला. एखादा थर भेगाळलेला, सच्छिद्र, त्याखालचा घट्ट. चार महिने पावसाचं पाणी टेकडीवरच्या झाडोऱ्यात मुरतं, भेगांतून खाली उतरतं आणि घट्ट थरावर येऊन अडकतं. खाली जायला वाट नाही म्हणून ते आडवं सरकतं, आणि टेकडीच्या उतारावर जिथे तो थर उघडा पडतो तिथे पाझरून बाहेर येतं. तोच झरा. वर झाडं जितकी दाट, तितकं पाणी जास्त मुरतं आणि झरा तितका उशिरापर्यंत चालतो. वरची झाडं गेली की पाऊस वाहून जातो आणि झरा होळीच्या आधीच आटतो.

आपल्याकडे झिरा म्हणतात तो दोन प्रकारचा. एक हा टेकडीचा. दुसरा नाल्याच्या रेतीतला. नाला वरून कोरडा ठणठणीत दिसला तरी रेतीखालून पाणी सरकत असतं. बाया वळणावरची ओलसर रेती हेरत. जवळ उंबर किंवा जांभूळ हिरवंगार असलं तर तिथे पाणी हमखास. हाताने कोपरभर खड्डा उकरायचा. पहिलं पाणी गढूळ येतं, ते उपसून फेकायचं. मग स्वस्थ बसायचं. हळूहळू रेती खाली बसते, पाणी निवळतं. मग वाटीने किंवा करवंटीने एक एक वाटी पाणी लुगड्याच्या दुहेरी पदरातून घागरीत गाळायचं.

टेकडीच्या झिऱ्यावर पाणी खडकाला चिकटून ओघळत असे, त्यामुळे घागर भरेना. त्याला बायांनी काढलेला उपाय आजींनी हाताने करून दाखवला. पळसाचं पान घ्यायचं, त्याचं टोक खडकाच्या भेगेत बसवायचं आणि पानाची पन्हळ करायची. पाणी पानावरून बरोबर घागरीच्या तोंडात पडतं. आता आपल्या अंगणात नळाची तोटी आहे. आपल्या आजीची तोटी पळसाच्या पानाची होती.

घागर दहा-बारा लिटरची. म्हणजे तितकेच किलो वजन, वर घागरीचं वेगळं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर एक, कमरेवर दुसरी. चैत्र-वैशाखात धार बारीक झाली की एका घागरीला किती वेळ लागेल याचा नेम नसे. पाळी येईपर्यंत बाया मोहफुलं वेचत, काड्या गोळा करत, एकमेकींची सुखदुःखं बोलत. घरी जाताना डोक्यावर पाणी आणि पाठीला सरपण. काम चुकलं तर मजुरी बुडे, पाणी चुकलं तर लेकरं तहानलेली. आणि एखादीचा पाय उतारावर घसरला, घागर फुटली, तर ती तिथेच बसून रडे. पाण्यापेक्षा तिला घागरीचं दुःख जास्त असे, कारण नवी घागर म्हणजे पुन्हा पैसा.

विहिरीजवळची उभी तपश्चर्या

आता पोराच्या प्रश्नाकडे येतो. गावात विहीर होती, मग जंगलात कशाला?

गावच्या विहिरीवर आपल्या बायांनी चढायचं नाही, दोर टाकायचा नाही, ही रीत होती. लांब उभं राहायचं, घागर खाली ठेवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला विनवायचं, "पानी वाढा व माय." कोणाच्या मनात दया आली तर ती वरून ओतणार. तेही आपली घागर तिच्या भांड्याला लागणार नाही अशा बेताने. नाही आली दया, तर दुपार होईपर्यंत उभं. कधी शिवी खायची, कधी नुसतीच मान फिरवलेली पाहायची. आजी सांगत होत्या ते दिवस फार जुने नाहीत. त्या तेव्हा लहान पोरी होत्या आणि देशात संविधान लागू झालेलं होतं. कागद दिल्लीहून निघाला होता, पण त्यांच्या गावच्या विहिरीपर्यंत पोचायला त्याला बराच वेळ लागला.

म्हणून बाया जंगलाची वाट धरत. विनवणीपेक्षा चाल बरी, असं त्यांचं गणित. झिऱ्यावर कोणी हटकत नसे. पण म्हणून या झिऱ्याच्या गोष्टी फार गोड करून सांगणं आम्हाला पटत नाही. पहाटेचा गारवा, मोहाचा वास, बायांची गाणी हे सगळं खरं. तरी ती वाट हौसेची नव्हती. गावाने हाकललं म्हणून त्या जंगलात गेल्या, आणि जंगलाने जात विचारली नाही म्हणून त्या तगल्या.

एक गोष्ट आपल्याला बोचणारी

इथे आम्हाला एक गोष्ट लिहावी की लिहू नये असा प्रश्न पडला. चर्चा झाली. शेवटी ठरलं की इतिहास लिहायचा तर सगळा लिहायचा.

आजींना आम्ही विचारलं, "झिऱ्यावर सगळेच येत का?" त्या म्हणाल्या, गोंडांच्या बाया येत, बंजाऱ्यांच्या येत. "आनि मांगाच्या बाया?" आजी गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्याईचा झिरा खालच्या अंगाले होता. आपल्या झिऱ्याले आपन त्याईले हात लावू देत नव्हतो. तवा अक्कल नव्हती बाप्पा."

विहिरीवर जे आपल्यावर झालं, तेच आपण झिऱ्यावर दुसऱ्यावर केलं. जातीची उतरंड अशीच असते. प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्याकडे पाहून रडतो आणि खालच्याला लाथ मारतो. बाबासाहेबांनी हे वर्म नेमकं ओळखलं होतं, म्हणून ते नुसत्या आपल्या जातीच्या पाण्यासाठी लढले नाहीत. त्या म्हातारीने भर विहारात, लेकराबाळांसमोर हे कबूल केलं. आम्हाला तिचा अभिमान वाटला.

धम्मात पाणी

या ठिकाणी आनंदाची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. ती 'दिव्यावदान' या बौद्ध संस्कृत ग्रंथात आहे. भिक्खू आनंद श्रावस्तीत भिक्षाटन करून परतताना विहिरीवर थांबतो. तिथे प्रकृती नावाची मातंग मुलगी पाणी भरत असते. आनंद पाणी मागतो. ती संकोचून आपली जात सांगते. आनंद तिला सांगतो, मी तुझी जात किंवा कुळ विचारलेलं नाही, पाणी असेल तर दे. पुढे ती मुलगी भिक्खुणी संघात जाते. रवींद्रनाथ टागोरांनी याच कथेवर १९३३ साली 'चंडालिका' हे नाटक लिहिलं. मातंग मुलीच्या हातचं पाणी भगवंतांच्या सर्वांत जवळच्या शिष्याने मागून घेतलं, आणि आपण आपल्या झिऱ्याला मातंग भगिनीचा हात लागू दिला नाही. गोष्ट आपल्याला माहीतच नव्हती, हे आपलं उत्तर. आता माहीत आहे. आता तसं उत्तर चालणार नाही.

महापरिनिब्बान सुत्तातही पाण्याचा प्रसंग आहे. शेवटच्या प्रवासात, आजारी अवस्थेत, भगवान बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात. नुकत्याच पाचशे गाड्या ओढ्यातून गेल्याने पाणी गढूळ आहे, पुढे ककुत्था नदीचं स्वच्छ पाणी आहे, असं आनंद म्हणतो. भगवंत पुन्हा सांगतात. तिसऱ्यांदा सांगितल्यावर आनंद जातो, तर पाणी निवळलेलं असतं. ज्यांनी झिरा उकरून पाणी निवळायची वाट पाहिली, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. भिक्खूच्या अष्टपरिष्कारात, म्हणजे त्याच्या आठ आवश्यक वस्तूंत, पाणी गाळायचं गाळणं आहे. आपल्या आजीच्या पदराची दुहेरी घडी आणि भिक्खूचं गाळणं यांचं काम एकच.

जुन्या काळचे भिक्खू राहायची जागा पाणी पाहूनच निवडत. कान्हेरीला जा, लेण्यांच्या बाजूला खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या दिसतील. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलं आहे, आणि त्या कोणी दान दिल्या हेही कोरलेलं आहे. पाण्याचं दान हे त्या काळी लेणं कोरण्याइतकंच नाव कोरण्यासारखं काम होतं. आपल्या अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीलाही सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरात कोरलेले बौद्ध विहार आहेत, आणि तिथला परिसर झऱ्यांचा आहे. यात्रेला जाणाऱ्यांनी पुढच्या वेळी लेणी जरूर पाहावीत. म्हणजे झरा आणि विहार यांचं नातं या मातीत जुनंच आहे. मधल्या काळात ते तुटलं.

महाड ते अमरावती

तुटलेलं नातं जोडण्याचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे, तरी लेकरांसाठी क्रमाने सांगतो. १८६८ साली महात्मा फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव भावंडांसह साताऱ्याहून रेल्वेने वडिलांकडे कोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले, जात कळताच गाडीवाले तयार होईनात. दुप्पट भाडं देऊन गाडी मिळाली, पण वाटेत प्यायला पाणी मिळालं नाही. सोबत जेवण होतं, तरी पाण्यावाचून लेकरं उपाशी झोपली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आपण स्टेशनगावची माणसं. प्लॅटफॉर्मवर पाण्याची तोटी दिसली की हा प्रसंग आठवावा.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर जाहीर केलं, पण तळ्यावर जायची कोणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर गोमूत्र-शेणाच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला.

इथे वऱ्हाडच्या माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बोले ठराव मुंबई इलाख्याचा होता. आपण तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होतो, तो ठराव आपल्याला लागू नव्हता. पण महाडचा वारा इथे यायला वेळ लागला नाही. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न पेटला आणि १३ नोव्हेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीला परिषद भरली. त्याच सुमारास त्यांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी तिथे आली. दुःख गिळून त्यांनी काम पुरं केलं. या चळवळीत डॉ. पंजाबराव देशमुख आपल्या बाजूने उभे होते. पुढे १९२८ साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी जिल्ह्यातल्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. जातीने कुणबी असलेल्या माणसाने आपल्याच लोकांचा रोष पत्करून हे केलं. आपण ते विसरू नये.

कायद्यातला झरा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण धम्म घेतला. त्याच्या एक वर्ष आधी, १९५५ साली, अस्पृश्यता गुन्हे कायदा झाला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्यालाच नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याचं चौथं कलम मुद्दाम वाचा. नदी, ओढा, झरा, विहीर, तळं, टाकं, नळ अशी एक एक पाण्याची जागा नाव घेऊन लिहिली आहे. तिथे जाण्यापासून अस्पृश्यतेच्या कारणाने कोणाला अडवणं हा गुन्हा आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही अनुसूचित जाती-जमातींच्या वापरातल्या झऱ्याचं पाणी घाण करणं हा गुन्हा ठरवला आहे. आपल्या आजीचा झिरा देशाच्या कायद्यात नोंदलेला आहे. हे आम्ही त्या दिवशी विहारात वाचून दाखवलं तेव्हा आजी म्हणाल्या, "मंग साहेबाले आमचा झिरा ठाऊक होता म्हना की." हसू आलं आणि डोळेही भरले.

नंतर दिवस पालटले. १९७२ च्या दुष्काळाने सगळ्यांनाच पाण्यासाठी एका रांगेत आणलं. पुढे खेड्याखेड्यांत बोअर, हातपंप आले. हातपंपाला दोर नाही, पोहरा नाही, वरून वाढणारा हात नाही. जो दांडा हाणेल त्याला पाणी. मग नळ आले. माहेरच्या त्या वाटेवर आता कोणी घागर घेऊन जात नाही, आणि जाऊही नये. आपल्या लेकीबाळींच्या डोक्यावरचं ते ओझं उतरलं हा आनंदच आहे.

पण आजींनी आणखी एक सांगितलं. काही वर्षांमागे त्या माहेरी गेल्या होत्या. नातवाला घेऊन झिरा दाखवायला गेल्या, तर खडक कोरडा. वरची झाडी विरळ झालेली, खालच्या शेतांत बोअर खोल गेलेले. नातवाने विचारलं, "इथं पाणी होतं?" त्याला खरं वाटेना. झिरा आटला तशी ती आठवणही एक दिवस आटेल. ती आटू नये म्हणून ही पानं.

शेवटी आमची विनंती. प्रत्येक घराने आपल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं, तुम्ही पाणी कुठून आणत होता, कोण अडवत होतं आणि आपण कोणाला अडवलं. ते वहीत लिहावं, तारीख घालावी आणि विहारात आणून द्यावं. दुसरं, एप्रिलमध्ये जयंतीला आपण पाणपोई लावतो, ती पुढे उन्हाळाभर चालावी. त्या माठावर कोणत्याही जातीचं, धर्माचं माणूस आलं तर त्याला नाव-गाव न विचारता पाणी द्यावं. मातंग मोहल्ल्यातल्या भगिनींना पहिल्या दिवशी आपण होऊन बोलवावं, आणि पहिला गिलास त्यांच्या हातून घ्यावा.

आजींना आम्ही हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "घ्या बाप्पा. लय वर्साचा उशीर झाला, पन घ्या."

जय भीम!